बोटीवर राहणारी माणसं मुकुटबनला जातात

यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही. हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, आमच्या ह्यांनाही माहीत होतं, आणि तरीही बोटीवर लागणारं शिलाई मशीन आणायला आम्ही दोघं दाभोळहून उठून तिकडे गेलो. परवा जेटीवर मासे घेताना एकीनं विचारलं, "काकू, म्हणजे तिकडे बोटी बनतात?" मी म्हटलं, "बनत नाहीत, शिजतात." तिला काही कळलं नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला बसले.

आधी आमच्याबद्दल सांगते. हे सरकारी नोकरीत नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, ह्यांनी एक जुना मचवा विकत घेतला. चिपळूणचा फ्लॅट विकला आणि आम्ही खाडीत राहायला गेलो. मी कशी तयार झाले, असं सगळे विचारतात. मला वाटलं होतं, दोन महिन्यांत हौस फिटेल आणि गुपचूप परत येतील. आता त्याला काही वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर मलाच आता जमिनीवर झोप लागत नाही.

आमच्या बोटीच्या मागच्या भागावर जाड कॅनव्हासचं छत आहे आणि त्याखाली आमचा संसार. यंदाच्या पावसाळ्यात ते छतही फाटलं आणि शीडही. ह्यांना शिडाचं दुःख, मला छताचं. माझं घरचं मशीन ब्लाउजपीसवर छान चालतं, पण कॅनव्हासच्या चार पदरांवर त्याची सुई मोडली, मग दुसरी मोडली, मग सुयाच संपल्या. पूर्वी खाडीत शिडं शिवणारे होते. सगळ्यांनी इंजिनं बसवली आणि ते धंदे सोडून गेले. बोटीवर वीज म्हणावी तर सोलरचे मिणमिणते दिवे. त्यामुळे मशीन हवं होतं ते हाताने फिरवायचं, उचलून ठेवता येणारं आणि ताडपत्रीच्या जाडीला न भिणारं. खास बोटींसाठीची परदेशी मशीनं मिळतात, पण त्यांची किंमत वाचून ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

त्यात आमची लेक. ती पुण्याला असते. एकदा फोनवर बोलताना माझ्या उशीवर पाणी ठिबकत होतं आणि तेवढ्या तिरमिरीत मी तिला शब्द देऊन बसले की थंडी सरेपर्यंत छत झालं नाही, तर आम्ही बोट विकून तुझ्याकडे येऊ. तिनं तो शब्द घट्ट धरून ठेवला. आमच्यासाठी काढून ठेवलेली खोली मी पाहिली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीत एक माणूस दाढी करत असतो. तिथे जायचं नुसतं मनात आलं तरी मी उठून गळत्या छताखाली आणखी एक पातेलं ठेवायचे.

तेवढ्यात ह्यांना मोबाइलवर यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या एका मंडपवाल्याची जाहिरात सापडली. "हातमशीन. पोर्टेबल. हेवी ड्युटी. कनात, ताडपत्री, बारदाना, काय बी शिवा." ह्यांनी लगेच फोन लावला. मी शेजारी तांदूळ निवडत होते, त्यामुळे मला फक्त इकडची बाजू ऐकू आली.

"आम्ही दोघं बोटीवरच राहतो हो. वर्षभर. सुरुवातीला पोटात ढवळायचं, उलट्यासुद्धा व्हायच्या. आता सवय झाली. डॉक्टर म्हणतात या वयात नको, पण सोडवत नाही. वास? वास येतोच थोडा. नाही नाही, फाटलं की आम्ही घरीच शिवतो, म्हणून तर मशीन हवंय."

यात मला काहीही वावगं वाटलं नाही. फोन ठेवून हे म्हणाले, "माणूस फार आस्थेवाईक आहे. सारखा विचारत होता, झेपतं का."

यवतमाळ

गाडीतले हाल सांगत नाही, ते सगळ्यांचे सारखेच असतात. यवतमाळच्या स्टँडवर मंडपवाल्या रमेशभाऊंचा पुतण्या बंडू आम्हाला न्यायला आला होता. चांगला तिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलायला गोड. कापूस वेचणीचे दिवस होते. कापसाने भरलेल्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरी लव लागली होती. आमच्याकडे या दिवसांत झाडांवर जाळी वाळत असतात.

बंडूने आम्हाला थेट एका खानावळीत नेलं. "काकानं सांगून ठेवलं हाय," तो म्हणाला, "पाहुण्याइले बोटीबिगर चालत नाई."

"खरं आहे," हे म्हणाले. "दोन दिवस झाले की चुकल्याचुकल्यासारखं होतं."

बंडूने मान डोलावली आणि आत जाऊन काहीतरी सांगून आला. थोड्या वेळाने आमच्या पुढ्यात लालभडक रश्श्याच्या दोन ताटल्या आल्या, सोबत ज्वारीची भाकर. रश्श्यात गुंडाळलेलं, दुमडलेलं काहीतरी होतं. मी वाढप्याला विचारलं, हे काय. "बोटी हाय ना जी. बकऱ्याचं आतडं. मस्त धुतेल हाय."

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढी कशी बाई ही बावळट. पण प्रवासाने माणसाचं डोकं आंबतं, आणि शिवाय मला वाटलं, असेल इकडचा खास पदार्थ, नावाचा योगायोग. वाढप्याने विचारलं, "वरतून सांबार टाकू?" आतड्यावर सांबार कशाला म्हणून मी नको नको म्हणेपर्यंत त्याने मूठभर कोथिंबीर टाकली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शब्दांच्या बाबतीत जरा जपून राहावं, हे मला तिथेच सुचायला हवं होतं.

हे जन्माचे शाकाहारी. मचव्यावर राहतात, कोळ्यांत वावरतात, पण सुकट परतली तरी नाकाला रुमाल लावतात. त्यांनी भाकर आणि ठेचा खाल्ला. मी मासे खाणाऱ्या घरातली. प्रवासाने भूक खवळली होती, आणि खोटं कशाला बोलू, चव झकास होती. मी माझी ताटली संपवली आणि वाया नको म्हणून ह्यांचीही संपवली. बंडू बघत राहिला.

"काका, तुमी नाई खाल्लं," तो काळजीने म्हणाला.

"प्रवासाने जरा अशक्त वाटतंय. परत बोटीवर गेलो की येईन ताळ्यावर."

"अन् काकू, सकाळी बी बोटीच लागते का तुमाले?"

"सकाळी तर बोटीवर फार बरं वाटतं रे," मी म्हटलं. "छान वारा सुटतो."



मुकुटबन, पहिला दिवस

पुढचा प्रवास रमेशभाऊंच्या मंडपाच्या टेम्पोतून झाला. हे पुढे बंडूशेजारी बसले, मी हट्टाने मागे कनातींच्या गठ्ठ्यावर बसले. काळी जमीन, कापसाची शेतं, कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बायका, मध्येच सागाची झाडं आणि लांबवर टेकड्या. पाण्याचा थेंब दिसेना. मला उगाच तहान लागल्यासारखं वाटत होतं.

रमेशभाऊंचं घर म्हणजे अर्धं घर आणि अर्धं मंडपाचं गोदाम. अंगणात बांबू, पाइप, गाद्या, रंगीत कनाती. रमेशभाऊ मोठ्याने बोलणारे आणि पाहुणा दिसला की विरघळणारे. त्यांची बायको कुसुमताई अगदी उलट. उंच, शिडशिडीत, उजवा हात अंगाशी धरून चालणारी, आणि समोरच्याला डोळ्यांनी चाळून घेणारी. मशीन तिचं. रमेशभाऊंनी जाहिरात दिली, पण शिवणारी ती. खांदा धरल्यापासून तिला हँडल फिरवता येईना, म्हणून विकायला काढलं होतं.

मशीन खोलीच्या मधोमध होतं, लाकडी झाकणाखाली. मी पुढे झाले तशी कुसुमताईने झाकणावर हात ठेवला. "आधी जेवून घ्या," ती म्हणाली.

जेवायला बोटी होती. शेजारच्या घरून आणखी एक वाटी बोटी आली. ह्यांच्यासाठी मुद्दाम कमी तिखटाची बोटी केली होती, तब्येत बरी नाही म्हणून. हे माझ्याकडे असे बघत होते की मला हसू आवरेना. मी म्हटलं, ह्यांना आज उपास आहे. कुसुमताईने त्यांना भाकर आणि जवसाची चटणी वाढली आणि मला विचारलं, "तिकडं तुमाले धुवाले पानी तं भेटते ना बराबर?"

"पाण्याला काय तोटा," मी म्हटलं. "चारी बाजूंनी पाणीच. खारं आहे, पण धुवायला चालतं."

तिने तोंड वाकडं केलं आणि उठून मशीनच्या झाकणावर एक चादर घातली.

मग बायका जमल्या. एकीने पोर कडेवर घेतलं होतं, एकीच्या डोक्यावर अजून सरपण होतं. सगळ्या माझ्याकडे टक लावून बघत बसल्या. आमच्याकडे परगावची बाई आली की आधी माहेर विचारतात. इथे सरपणवालीने मोळी खाली ठेवली आणि विचारलं, "काकू, तुमी दोरा कोनता वापरता?"

धंद्याचा प्रश्न आला म्हणून मला बरं वाटलं. "नायलॉनचा. वरून मेण लावायचं, म्हणजे पाणी धरत नाही."

"बाप्पा. नायलॉनचा?"

"साधा दोरा कुजतो हो. बोटीवर कायम ओल."

"अन् मंग खायाच्या टायमाले दोरा काढून टाकता का तसाच गिळता?"

 मी कुसुमताईकडे पाहिलं, मशीनवरच्या चादरीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसांनी गेला आठवडाभर असं धरलं होतं की कोकणातलं एक म्हातारं जोडपं आहे, ते वर्षभर नुसती आतडी खाऊन राहतं, डॉक्टर नको म्हणतात तरी सोडत नाही, आणि आतडं फाटलं तर मशीनवर शिवून घेतं.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "या सगळ्यांना सांगा आपण कशावर राहतो ते."

"बोटीवर," हे म्हणाले.

"कसल्या?"

"लाकडाच्या."

रमेशभाऊंना आधी समजलं. ते भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "डोंगा," ते म्हणाले, "अवो डोंग्यात राह्यते हे लोकं. डोंगा म्हना ना जी. आमी तं तुमच्यासाठी तीन घरच्या बोटीचं सांगून ठेवलं होतं." बायका हसत सुटल्या. बंडू म्हणाला, "तरीच मी म्हनलं, काका एक घास खाऊन नाई राह्यले." ह्यांना बिचाऱ्यांना सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं, आणि समजल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर आपल्या पानात चुकून आतडं आलं नाही ना, ते तपासलं.

कुसुमताईसुद्धा हसली. मला वाटलं, झालं आपलं काम. तिने चादर काढली, झाकण उचललं. काळंभोर, लोखंडाचं, वरवंट्यासारखं जड आणि बाजूला चकचकीत हँडल. इतकं निगुतीने ठेवलेलं मशीन मी आजवर पाहिलं नव्हतं. मग तिने मला विचारलं, "म्हंजे तुमी पान्यात राह्यता."

"हो."

"खाऱ्या."

"हो."

तिने झाकण परत ठेवलं. "मंग नाई देत."

"अवं, आत्ता तं हासून राह्यली होती," रमेशभाऊ म्हणाले.

"बोटी शिवली असती तं घाण साबनानं धुतली असती. मिठाचा गंज कायनं जाईन? मी नाई देत."

ह्यांनी रबरी अस्तराच्या खोक्याबद्दल सांगितलं, तेलाबद्दल सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. कुसुमताईने चित्र नीट पाहिलं आणि परत दिलं. त्यापेक्षा आतडी शिवली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटायला लागलं. रात्री त्यांच्या घरात कोरड्या छताखाली कोरड्या गादीवर मी तळमळत पडले आणि डोळ्यांसमोर तो दाढी करणारा माणूस येत राहिला.

मुकुटबन, दुसरा दिवस

सकाळी घरात गडबड होती. जवळच्या तांड्यावर लग्न होतं, दुपारपर्यंत मंडप उभा करायचा होता, आणि टेम्पोतून उतरवताना मोठी कनात खिळ्याला अडकून उभी फाटली होती. रमेशभाऊ हँडल फिरवायचे तर दर वितीला थांबून फोन घ्यायचे. कुसुमताई डाव्या हाताने कापड धरून त्यांच्यावर ओरडत होती.

मी पदर खोचला आणि म्हटलं, "सरका. मी फिरवते."

"तुमाले जमन?"

"न जमायला काय झालं."

ती कापड सरकवायला आणि मी हँडलला. पहिल्या दोन फेऱ्यांत आमची भांडणं झाली, मी जोरात फिरवते म्हणून. मग लय लागली. कडेला जिथे कापड दुमडून आत दोर घातलेला असतो, तिथेही सुई अशी गेली की मला त्या मशीनचा मोह आवरेना. परक्याच्या वस्तूचा इतका लोभ मला आयुष्यात कधी सुटला नव्हता.

"एक सांगा," कुसुमताई मान वर न करता म्हणाली, "चांगल्या घरच्या दिसता, कायले राह्यता बाई पान्यात? घर नाई का तुमाले?"

आता मला राग आला. आदल्या दिवसापासूनचा साठलेला. "तेच घर आहे," मी म्हटलं. "दुसरं नाही. होतं ते विकलं. आणि आता ते गळतंय. उशी भिजते, अंथरूण भिजतं, माणूस कूस बदलतो तर तिकडेही गळतं. लेक म्हणते, विका आणि या. ती चांगली आहे हो, जावईही चांगला आहे. पण मला नाही जायचं. मला माझ्या घरात मरायचंय."  बोलता बोलता मी हँडल फिरवतच होते, आणि कनात केव्हाच संपून सुई नुसतीच खालीवर होत होती.

कुसुमताईने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"घर गळते?"

"मग काय सांगतेय मी कालपासून."

"काल घर कुठी म्हनलं तुमी? बोट बोटच करून राह्यले दोघंई." ती पहिल्यांदाच माझ्या शेजारी खाली बसली. "लगनसराईत आमी दोन दोन महिने कनातीतच झोपतो, बाई. लगन लोकाइचं, बिछाना आपला. एक साल अवकाळी आला, सारी कनात गळली. पोरगी तापलेली होती मांडीवर. मी लय रडली होती तवा."

 रमेशभाऊ आले, कनात घेऊन गेले. कुसुमताईने मशीन पुसलं, तेल दिलं, पेटीत घातलं.  पेटी माझ्याकडे सरकवण्याआधी तिने पान्याने हँडल सोडवलं आणि टॉवेलात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवलं.

"पोरगी देतानी घर पाह्यतो ना आमी," ती म्हणाली. "मशीन न्या. मी येतो, घर पाह्यतो. पटलं तं हँडल देईन."

"आणि नाही पटलं तर?" ह्यांनी विचारलं.

"तं मशीन घेऊन येईन वापस."

दाभोळ

तर आम्ही बिनहँडलचं मशीन घेऊन घरी आलो. ह्यांनी खोका बनवला, आतून रबर लावलं, मशीन त्यात बसवलं. मग रोज सकाळी त्याच्यासमोर बसून हे म्हणायचे, चिपळूणला लेथवाला आहे, दुपारभरात हँडल करून देईल. मी म्हणायचे, हात लावाल तर बघा. का ते मलाही नीट सांगता यायचं नाही. तिने मला तोंडावर सांगितलं होतं आणि मी तोंडावर हो म्हटलं होतं, एवढंच.

दिवस जात होते. कुसुमताईचा फोन लागला की रमेशभाऊच उचलायचे आणि सांगायचे, लग्नं लई हाय जी. थंडी कमी व्हायला लागली. लेकीने खोलीला नवे पडदे लावले आणि फोटो पाठवला. मी पडद्याचं कौतुक केलं आणि फोन उशीखाली सारला.

आणि एका सकाळी चिपळूणच्या स्टँडवरून बंडूचा फोन आला. काकूला घेऊन आलोय म्हणाला. ह्यांनी जाऊन दोघांना आणलं. फळीवरून बोटीवर येताना कुसुमताईने डाव्या हाताने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. तिने समुद्र जन्मात पाहिला नव्हता आणि आताही पाहिला नाही. त्याच्याकडे पाठ करूनच तिने घर पाहिलं. चूल पाहिली, भांडी पाहिली, संडास कुठे ते विचारलं, गादी उचलून खाली हात फिरवला. ह्यांनी केलेल्या खोक्यात बोट घालून वास घेतला. तेवढ्यात बाहेरून एक ट्रॉलर गेला, बोट हलली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती मटकन खाली बसली आणि डोलकाठीला मिठी मारून डोळे मिटून राहिली. बंडू घाबरून फळीवर उभा राहिला. मी मनातल्या मनात पुण्याची खोली लावायला घेतली.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. एका हाताने डोलकाठी तशीच धरून दुसऱ्याने पिशवीतला टॉवेल काढला, मांडीवर सोडला, आणि हँडल माझ्यापुढे धरलं.

"लावा," ती म्हणाली. "मी कापड धरतो. कुठी गळते, दाखवा."

मी छताकडे बोट दाखवलं.